जोनाथन डंकन साहेब आणि मुंबईच्या कोटातील मोठी आग

मुंबई शहराचे नाव ज्यास ठाऊक नाही असा मनुष्य आपल्या वऱ्हाडात सापडणे कठीण. खामगाव, मलकापूर, नांदुरा ह्या बाजारांतील कापूस पिढ्यान्‌पिढ्या त्या शहराकडे गेला. वडनेर भोलजीवरून जाणारा हमरस्ता पश्चिमेस धुळ्यापर्यंत धरून चालले म्हणजे तेथून मुंबईची वाट फुटते. तथापि हे शहर आज आहे तसे कसे झाले, त्यातील लोकवस्ती एका लहानशा कोटाच्या भिंतींतून बाहेर पडून चहूंकडे कशी पसरली, हे थोड्यांसच माहीत असेल. त्या घडामोडीच्या मुळाशी जी अनेक कारणे आहेत त्यांत एक भयंकर आग आहे. आणि ती आग लागली त्या दिवशी शहराचा भार ज्यांच्या शिरावर होता ते गृहस्थ म्हणजे मुंबईचे गव्हर्नर जोनाथन डंकन साहेब. त्यांचे चरित्र येथे संक्षेपाने सांगण्याचे योजिले आहे.

डंकन साहेबांचा जन्म स्कॉटलंड देशाच्या फॉरफरशायर परगण्यात 15 मे 1756 रोजी झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे 1772 साली, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत कारकून म्हणून बंगाल्यात आले. त्या काळी कंपनीच्या नोकरांपैकी पुष्कळांचा हेतू एकच असे: थोड्या वर्षांत जमेल तितका पैसा जोडावा आणि मायदेशी परत जावे. डंकन ह्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी येथील भाषा मन लावून शिकून घेतल्या. कंपनीच्या दिवाणी अदालतींचे कायदे त्यांनी बंगाली भाषेत उतरवले व तो ग्रंथ 1785 साली छापला गेला. ज्या कायद्याने रयतेचा न्याय व्हावयाचा तो कायदा रयतेस आपल्या भाषेत वाचता यावा, ही गोष्ट आज आपणांस साधी वाटते. पण बंगाली अक्षरांत छापलेली पुस्तके त्या वेळी बोटांवर मोजण्याइतकीच होती हे ध्यानात घेतले म्हणजे तिची किंमत कळते. सर विल्यम जोन्स ह्यांनी 1784 साली कलकत्त्यास एशियाटिक सोसायटी स्थापन केली तेव्हा तिच्या आरंभीच्या सभासदांत डंकन ह्यांचे नाव होते.

1787 साली गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस ह्यांनी त्यांस काशी येथे रेसिडेंट नेमले. तेथील कारभारात लाचलुचपत माजली होती. ती निपटून काढण्याचे काम त्यांच्याकडे आले. काशीतील त्यांच्या दोन कामांची आठवण विशेष राहिली आहे. पहिले, 1791 साली त्यांच्या खटपटीने तेथे संस्कृत पाठशाळा उघडली. ती वाढत वाढत पुढे संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय ह्या नावाने प्रसिद्धीस आली. दुसरे काम अधिक कठीण होते. जौनपूरच्या बाजूस राजकुमार नावाच्या रजपूत घराण्यांत मुलगी जन्मास आली म्हणजे तिला जगू द्यावयाचे नाही, अशी चाल असल्याचे त्यांस कळून आले. मुलीच्या लग्नाचा खर्च आणि बरोबरीचे घराणे मिळण्याची अडचण, ही त्या चालीची कारणे होत.

डंकन ह्यांनी त्या लोकांवर शिपाई पाठवले नाहीत. त्यांनी घराण्यांतील प्रमुखांस बोलावून घेतले, त्यांच्याच धर्मग्रंथांत अशा हत्येचा निषेध आहे हे त्यांस दाखवून दिले, आणि डिसेंबर 1789 मध्ये त्यांच्याकडून करारपत्र लिहून घेतले. त्या करारात ब्रह्मवैवर्त पुराणाचा आधार घातलेला आहे. ज्याची चूक त्यास दाखवावयाची त्याच्याच अंगणात उभे राहून, त्याच्याच पोथीतून ती दाखवावी, अशी त्यांची पद्धत होती. ती पद्धत कोठे फळास आली व कोठे अपुरी पडली, हे पुढे सांगावयाचे आहे.

मलबार प्रांत टिपू सुलतानाकडून कंपनीस मिळाल्यावर 1792 व 1793 ह्या सालांत तेथील बंदोबस्त लावण्यासाठी जे कमिशनर नेमले गेले त्यांत डंकन हेही होते. त्यानंतर 27 डिसेंबर 1795 रोजी ते मुंबईच्या गव्हर्नरीवर रुजू झाले. तेव्हा त्यांचे वय 39 होते. पुढील साडेपंधरा वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, ते ह्याच जागी राहिले. त्यांच्या अमदानीत मुंबई बेट व साष्टी बेट ह्यांस जोडणारा शीव येथील बांध बांधण्यास 1798 साली आरंभ झाला. त्यापूर्वी लोकांस ती खाडी होडीतून ओलांडावी लागे. देवीची लस हिंदुस्थानात प्रथम यशस्वी झाली तीही मुंबईतच. 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचण्यात आली, आणि तिच्या दंडावरील फोडातील लसीवरून पुढे देशभर लस पसरली. अशा प्रकारे शहराचा कारभार बरा चालला असता ते संकट आले.

ते संकट समजण्यासाठी त्या काळची मुंबई डोळ्यांपुढे आणली पाहिजे. आज आपण मुंबई म्हणतो त्या अफाट वस्तीचा तेव्हा पत्ता नव्हता. खरे शहर म्हणजे कोट. दक्षिणेस अपोलो दरवाजा, पश्चिमेस चर्चगेट, उत्तरेस बाजारगेट, पूर्वेस बंदर, आणि सभोवार तटबंदी व खंदक. लांबी सुमारे एक मैल, आणि रुंदी जास्तीत जास्त पाव मैल. इतक्या जागेत गव्हर्नरांची कचेरी, किल्ला, जकातखाना, पलटणींच्या बराकी, सेंट थॉमस चर्च, गोदामे, बाजार, देवळे, मशिदी, अग्यारी आणि हजारो माणसांची घरे दाटीवाटीने उभी होती. तटाच्या आत राहणे सुरक्षित म्हणून पारशी, गुजराती व इतर व्यापारी उत्तरेकडील भागात घरे बांधीत गेले. जागा वाढत नव्हती, माणसे मात्र वाढत होती. मग घरावर मजला चढे, मजल्यास लाकडी सज्जा निघे, आणि समोरासमोरचे सज्जे अरुंद गल्लीवर एकमेकांस भिडावयास येत. घरांचे सांगाडे लाकडाचे, खाली दुकान, दुकानात व्यापाराचा माल, आणि वर कुटुंब.

आपल्या खेड्यात खळ्याशेजारी कडब्याची गंजी असते, तिच्या पलीकडे पऱ्हाट्यांचा व तुराट्यांचा ढीग, त्यालाच लागून गोठा, आणि गोठ्यास लागून घर. एका ठिणगीने काय होते हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. मुंबईचा कोट हा तशाच एकमेकांस लागलेल्या गंज्यांचा ढीग झाला होता. फरक इतकाच की त्या गंज्यांत माणसे राहत होती. तेथे नळ नव्हते. विहारचे पाणी मुंबईस यावयाला आणखी 57 वर्षे होती. विहिरी व टाकी होती, पण घागरींनी आणलेले पाणी लाकडी घरांच्या रांगेवर कितीसे पुरणार? आग विझवण्यासाठी निराळे खाते नव्हते. शहराच्या अग्निशामक दलाचा कारभार नगरपालिकेच्या हाती आला तो 1887 साली.

17 फेब्रुवारी 1803, गुरुवार. त्या दिवशी कोटातील बाजारात आग लागली. वारा जोराचा होता. एका घरावरून दुसऱ्या घरावर, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत ज्वाळा गेल्या. सरकारी माणसे व रहिवासी ह्यांनी आपल्याकडून होतील तितके श्रम केले, परंतु वाऱ्यापुढे कोणाचे काही चालेना. दिवसभर आग पेटत राहिली. बाजाराचा बहुतेक भाग जळाला. बराकी गेल्या, जकातखाना गेला, आणि येथील व्यापाऱ्यांचा अपार माल जळून राख झाला. मग आगीने किल्ल्याकडे रोख धरला.

किल्ल्यात दारूगोळ्याचे कोठार होते. पेशवे दुसरे बाजीराव ह्यांनी 31 डिसेंबर 1802 रोजी वसईचा तह केला होता, आणि मराठे सरदारांशी युद्ध जुंपण्याची चिन्हे दिसत होती. त्याच वर्षाच्या अखेरीस, 29 नोव्हेंबर 1803 रोजी, आपल्या वऱ्हाडात आडगावची लढाई झाली हे येथील जुन्या जाणत्यांस ऐकून माहीत असते. अशा समयी त्या कोठारापर्यंत एक ठिणगी गेली असती तर बाजार जळाला हे दुःख पुरेसे न होता सर्व कोट, त्यातील सर्व माणसांसह, क्षणात उडाला असता.

येथे डंकन साहेबांच्या सरकारास असा निर्णय घ्यावा लागला की जो शांतपणी बसून विचार करतानाही मनास कापरा वाटतो. आग आणि कोठार ह्यांच्यामध्ये जी घरे उभी होती ती जळालेली नव्हती. त्यांत लोकांचे सामानसुमान होते, त्यांच्या आयुष्याची कमाई होती. ती घरे उभी ठेवावी तर आगीस पूल मिळतो. पाडावी तर ज्या मनुष्याचे घर आगीने सोडले त्याचे घर सरकार घेते. हातांनी पाडण्यास वेळ नव्हता. तेव्हा तोफा लावून किल्ल्याच्या आसपासची पुष्कळ घरे पाडण्यात आली. मध्ये मोकळी जागा पडली, ज्वाळांस पुढे धरावयास काही उरले नाही, आणि कोठार वाचले. हा उपाय केला नसता तर सगळे शहर गेले असते, असे त्या काळच्या माहितगारांचे मत पडले.

ज्या गृहस्थाने आजवर करारपत्रांनी व समजुतीने कामे केली त्याच्यावर रयतेच्या घरांवर तोफा डागण्याची पाळी यावी, हा प्रसंग विचार करण्याजोगा आहे. समजूत घालण्यास वेळ लागतो, आणि आग वेळ देत नाही. परंतु एवढ्यावरून बळ हा श्रेष्ठ उपाय ठरत नाही. तोफेने त्या दिवशी आग थांबली. लोकांचे संसार पुन्हा उभे करणे तोफेच्या हाती नव्हते. ते काम पुन्हा समजुतीनेच करावे लागले.

हानीची मोजदाद झाली तेव्हा 471 घरे, 6 प्रार्थनास्थाने व 5 बराकी नष्ट झाल्याचे दिसून आले. कोटाची सुमारे एक तृतीयांश वस्ती गेली. आकडा वाचण्यास क्षण पुरतो. पण एकेका घरात किती कुटुंबे राहत असतील, एकेका दुकानावर किती नोकर, हमाल, कारागीर ह्यांची चूल अवलंबून असेल, ह्याचा हिशेब करावा. सावकाराचे घर जळाले तर त्याची पेढी सुरतेस असते, त्याची उधारी गावोगावी पसरलेली असते, त्याची पत जळत नाही. भाड्याने राहणाऱ्या मनुष्याचे मात्र जे काही असते ते त्या एका खोलीतच असते. आग दोघांच्या दारी सारखीच येते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघे सारखे राहत नाहीत. ही गोष्ट मुंबईच्या आगीपुरती नाही. लंडन शहरात सप्टेंबर 1666 मध्ये जी मोठी आग लागली तिच्यात सुमारे 13,200 घरे व 87 चर्चे जळाली, आणि तेथेही गरीब लोक कितीतरी काळ शहराबाहेरील शेतांत पाले ठोकून राहिले.

लंडनच्या आगीनंतर तेथे लाकडाऐवजी विटा व दगड ह्यांनी घरे बांधावी असा कायदा झाला. मुंबईतही ह्या आगीने कारभाऱ्यांचे डोळे उघडले. कोटात अशी दाटी पुन्हा होऊ देऊ नये, रस्ते रुंद करावे, आणि जितक्या लोकांस बाहेर वसवता येईल तितक्यांस तटाबाहेर जागा द्यावी, असा विचार डंकन ह्यांच्या सरकारने मनात धरला. पण येथे तोफ चालणार नव्हती. ज्यांचे घर जळाले त्यांचा त्या जागेवरील हक्क जळाला नव्हता. ती जमीन त्यांच्या वाडवडिलांनी घेतली होती, तेथे त्यांची देवस्थाने होती, तेथेच त्यांचा धंदा होता. कोटातील मातबर लोकांस आपली जागा सोडणे मान्य नव्हते, आणि सरकारनेही त्यांस हुसकून लावले नाही. कोट पुन्हा बांधला गेला व पूर्वीपेक्षा सुधारला, तरी तो रिकामा झाला नाही. आगीनंतर दहा वर्षांनी, 1813 साली, कोटातील माणसे मोजली तेव्हा ती 10,801 भरली; त्यांत 5,464 पारशी व 4,061 हिंदू होते, आणि इंग्रज अवघे 250.

ज्यांस पुन्हा बांधण्याचे सामर्थ्य नव्हते, किंवा ज्यांस मोकळी जागा हवी होती, ते मात्र तटाबाहेर गेले. तटापासून काही अंतरापर्यंतची जमीन लष्कराच्या सोयीसाठी मोकळी ठेवलेली होती, आणि आगीनंतर ती आणखी वाढवण्यात आली. आझाद मैदान, क्रॉस मैदान व ओव्हल मैदान ही त्या मोकळ्या पट्ट्याचीच उरलेली अंगे होत. त्या मैदानापलीकडे काळबादेवी, भुलेश्वर, पायधुणी, मांडवी ह्या भागांत वस्ती पूर्वीपासून थोडीबहुत होती. ती आता झपाट्याने वाढली. पुढे कोटाचा तटच निरुपयोगी ठरून 1862 नंतर गव्हर्नर सर बार्टल फ्रियर ह्यांच्या वेळी पाडून टाकण्यात आला. तटाबाहेरचे हे शहर तोपर्यंत तटाच्या आतील शहराहून कितीतरी मोठे झाले होते. त्या वाढीचा वेग 1803 च्या आगीने वाढवला, ह्यात शंका नाही.

आगीची राख थंड होते न होते तोच दुसरे संकट उभे राहिले. 1803 सालचा पाऊस दगा देऊन गेला, आणि त्यात दख्खनेत होळकर व पेंढारी ह्यांच्या धुमाकुळाने पिके व गावे उद्ध्वस्त झाली होती. 1803 व 1804 ह्या सालांत दख्खन व कोकण येथे घोर दुष्काळ पडला. भुकेली माणसे जथ्याजथ्यांनी मुंबईच्या वाटेस लागली. जे शहर स्वतःच नुकते जळाले होते त्याने ह्या पाहुण्यांस काय द्यावे? डंकन ह्यांच्या सरकारने धान्य आणवले, निराश्रितांस अन्न पोचवण्याची तजवीज केली, आणि शहरातील धनिकांनीही पदरमोड केली. दुष्काळात सरकारने आपण होऊन रयतेस पोसावे ही कल्पना त्या काळी रुळलेली नव्हती. म्हणून ह्या कामाचे श्रेय त्यांस द्यावयास हवे.

ह्यानंतर त्यांनी पुन्हा आपल्या जुन्या कार्याकडे लक्ष वळवले. काठेवाडातील जाडेजा रजपुतांतही मुलींस जन्मतःच मारण्याची चाल होती. तिला तिकडे दूधपीती असे म्हणत, कारण मुलीस दुधात बुडवून मारीत. बडोद्याचे रेसिडेंट कर्नल वॉकर ह्यांच्या हातून डंकन ह्यांनी तेथील ठाकुरांशी बोलणे चालवले. ठाकुरांनी आरंभी साफ नकार दिला. शेवटी 1808 सालच्या सुमारास त्यांनी करारांवर सह्या केल्या. पुढे ज्या मुली ह्या करारामुळे वाचल्या त्यांपैकी काहींस त्यांचे बाप घेऊन आले व वॉकर साहेबांच्या पुढे त्यांनी त्या ठेवल्या, असे सांगतात.

11 ऑगस्ट 1811 रोजी डंकन साहेब मुंबईतच मरण पावले. वय 55. हिंदुस्थानात येऊन त्यांस 39 वर्षे झाली होती. त्यांचे दफन सेंट थॉमस चर्चमध्ये झाले. तेथे जॉन बेकन ह्या शिल्पकाराने घडवलेले त्यांचे संगमरवरी स्मारक आहे, आणि त्यावर काशी व काठेवाड येथील बालहत्या बंद केल्याचा उल्लेख कोरलेला आहे. त्यांच्या नावाने भायखळ्याच्या बाजूस डंकन रोड होता. पुढे त्यास मौलाना आझाद मार्ग हे नाव देण्यात आले.

मृताचे गुण गाऊन थांबणे सोपे असते, पण ते त्याच्याही हिताचे नाही. संगमरवरावर कोरलेले शब्द पुरते खरे ठरले नाहीत. काशीकडील करारास काही वर्षे लोटल्यावर पुढील अंमलदारांनी चौकशी केली तेव्हा मुली पूर्वीप्रमाणेच नाहीशा होत असल्याचे आढळून आले. काठेवाडातही तसेच झाले. डंकन ह्यांनी वचन घेतले, पण वचन पाळले जाते की नाही हे घरोघर जाऊन पाहणारा कोणी नेमला नाही. जन्मलेल्या मुलींची नोंद ठेवली नाही. लग्नाचा खर्च, जो ह्या पापाचे मूळ, तो तसाच राहिला. अखेर 1870 साली सरकारास मुलींच्या हत्येविरुद्ध स्वतंत्र कायदा करून नोंदणी व तपासणी सुरू करावी लागली. आणि आपल्या काळीही गर्भातच मुलगी ओळखून तिला नाहीशी करण्याचे पाप चालल्यामुळे 1994 साली आणखी एक कायदा करावा लागला, हे आपण जाणतो. त्यात बुलढाणा जिल्ह्यातील लोकांनीही मान वर करून बोलावे असे काही नाही. 2011 सालच्या शिरगणतीत महाराष्ट्रातील सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली 894 भरल्या, आणि आपला जिल्हा त्याहूनही खाली होता.

आगीनंतरच्या कामाचीही तीच गत झाली. तटाबाहेर वस्ती वाढली, पण तिची आखणी कोणी केली? रस्ते किती रुंद, सांडपाणी कोठे जावे, पिण्याचे पाणी कोठून यावे, ह्याचा बंदोबस्त पिढ्यान्‌पिढ्या अपुरा राहिला. कोटात जी दाटी आगीस कारण झाली तीच दाटी हळूहळू तटाबाहेर जाऊन बसली. सप्टेंबर 1896 मध्ये ग्रंथिक सन्निपाताची साथ मुंबईत प्रथम प्रकट झाली ती मांडवी भागात, त्याच दाट वस्तीत. तेव्हा कोठे 1898 साली शहर सुधारणेसाठी निराळा ट्रस्ट स्थापन झाला. 1803 सालचा धडा 95 वर्षे अर्धवट शिकलेला राहिला, आणि त्याची फी गरिबांनी भरली.

ह्याचा सर्व दोष डंकन साहेबांवर ठेवणे न्यायाचे होणार नाही. आगीनंतर ते आठ वर्षे जगले, आणि त्या आठ वर्षांत युद्ध, दुष्काळ व राज्यकारभार ह्यांतून त्यांस उसंत मिळाली नाही. पण त्यांच्या चरित्रावरून एक गोष्ट स्पष्ट होते. संकटाच्या दिवशी धैर्य दाखवणारे पुष्कळ असतात. संकट ओसरल्यावर रोज थोडे थोडे लक्ष पुरवणारे थोडे. पहिल्याची स्मारके होतात. दुसऱ्यावाचून पहिल्याचे काम टिकत नाही.

अशीच दुसरी साक्ष मुंबईनेच 14 एप्रिल 1944 रोजी दिली. फोर्ट स्टिकीन नावाच्या जहाजावर कापसाच्या गाठी व स्फोटके एकत्र भरलेली होती. गोदीत त्या जहाजास आग लागली, स्फोट झाले, शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली, आणि आग विझवणारे 66 जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिल हा दिवस देशभर पाळला जातो. 1803 साली दारूगोळ्याचे कोठार वस्तीच्या कुशीत होते. 1944 साली दारूगोळ्याच्या शेजारी कापूस रचला होता. मध्ये 141 वर्षे गेली होती.

वाचकहो, आपल्या गावी किल्ला नाही, कोठार नाही, तोफाही नाहीत. पण गंजी आहे, गोठा आहे, कापसाने भरलेली ओसरी आहे, आणि फाल्गुनातला वारा आहे. गंजी घरापासून व शेजाऱ्याच्या गंजीपासून लांब रचावी. दोहोंमध्ये जमीन साफ खरवडून मोकळी ठेवावी. कापूस घरात असेपर्यंत त्या खोलीत चिमणी अथवा विडी नेऊ नये. चुलीतील राख विझल्याची खात्री झाल्यावाचून उकिरड्यावर टाकू नये. उन्हाळ्यात वस्तीजवळ एक हौद भरलेला असावा. मुंबईच्या कोटात जी मोकळी जागा तोफांनी, लोकांची घरे पाडून, घाईने करावी लागली तीच आपण फावड्याने, कोणाचे काही न मोडता, आधीच करून ठेवू शकतो. आणि इतके करूनही कोणाचे घर जळालेच, तर पहिल्या दिवशी भाकरी नेऊन देणारे गावात सर्वच असतात. सहा महिन्यांनी त्याच्या छपरावर कवेलू चढले की नाही हे पाहण्यास जाणारा एखादा तरी असावा.